दोन रथ आणि आत्म्याची जागा

प्रश्न : कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे आणि प्लेटोनेही आत्म्याचे वर्णन रथाच्या रूपकातून केले आहे, असे वाचनात आले. मग मानवी स्वभावाविषयी दोघांचे म्हणणे एकच आहे, असे मानावे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : रूपक सारखे असले तरी म्हणणे एक नाही, असे माझे मत आहे. दोन्ही रथांत आत्मा नेमका कोठे आहे, हे पाहिले म्हणजे फरक ध्यानात येतो.

मेल्यानंतर माणूस उरतो की नाही, या नचिकेत्याच्या प्रश्नाला उत्तर देताना यम ‘आत्मानं रथिनं विद्धि शरीरं रथमेव तु’ असे सांगतो. बुद्धी हा सारथी, मन हा लगाम, इंद्रिये हे घोडे आणि विषय, म्हणजे इंद्रिये ज्यांच्याकडे धावतात त्या वस्तू, या त्यांच्या वाटा. आत्मा हा रथी, म्हणजे रथाचा स्वामी आहे. लगाम त्याच्या हाती नाही. घोडे उधळले तर तो मुक्कामाला पोहोचत नाही हे खरे, पण उधळणे हा त्याचा स्वभाव नव्हे. पुढच्याच मंत्रात इंद्रिये आणि मन यांच्याशी जोडलेल्या आत्म्याला ज्ञानी लोक भोक्ता म्हणतात असे आले आहे, आणि त्यावर भाष्य करताना शंकराचार्य स्पष्ट करतात की केवळ आत्म्याला भोक्तेपण नाही, ते बुद्धी इत्यादी उपाधींमुळे, म्हणजे त्याला बाहेरून जोडल्या गेलेल्या गोष्टींमुळे, आलेले आहे. वासना माझ्याजवळ आहे, पण ती मी नव्हे, असा याचा अर्थ होतो.

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात निराळा रथी असा कोणी नाहीच. सारथी आणि पंख असलेले दोन घोडे हे तिन्ही मिळून आत्मा होतो. पांढरा घोडा शब्दाने आवरतो. काळा हट्टी आहे, आणि लगाम इतका खेचावा लागतो की त्याची जीभ व जबडे रक्ताळतात. येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते : हा काळा घोडा देहाबरोबर आलेला नाही. आत्मा देहात पडण्यापूर्वी आकाशात देवांच्या मागोमाग जात असतो, तेव्हाही तो घोडा रथाला जुंपलेलाच असतो. म्हणजे ओढ आणि तिला होणारा विरोध ही दोन्ही आत्म्याच्या घडणीतच आहेत, त्यांचे खापर शरीरावर फोडता येत नाही.

प्लेटोच्याच ‘रिपब्लिक’ या संवादाच्या चौथ्या भागातील लिऑन्टियस नावाच्या माणसाची हकिकत याच विचाराची आहे. पिरेयस बंदराहून अथेन्सकडे येताना तटाबाहेर पडलेली प्रेते त्याला दिसतात. पाहावेसे वाटते आणि किळसही येते. तोंड झाकून तो बराच वेळ स्वतःशी झगडतो आणि शेवटी धावत जाऊन, ‘घ्या, पाहून घ्या’ असे आपल्याच डोळ्यांना संतापाने सुनावतो. हा संताप विवेक नव्हे आणि वासनाही नव्हे, म्हणून प्लेटो त्याला आत्म्याचा तिसरा भाग मानतो. असा झगडा कोणी अनुभवलेला नाही?

तथापि प्लेटोचे मत सर्वत्र हेच आहे, असे समजू नये. त्याचा गुरू सॉक्रेटिस याच्या अखेरच्या दिवसाचे वर्णन करणाऱ्या ‘फीडो’ या संवादात वासनांचे मूळ देहात दाखवले आहे. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात तर प्लेटो आत्म्याला ग्लॉकस या समुद्रदेवाची उपमा देतो : लाटांनी अवयव झिजलेले, अंगावर शिंपले, शेवाळ आणि दगड चिकटलेले, त्यामुळे मूळ रूप ओळखू न येणारे. हे सारे खरवडून काढल्यावर आत्मा एकविध आहे की अनेकविध, हे तेव्हाच कळेल, असे तो म्हणतो आणि निर्णय देत नाही. कठोपनिषदाशी तुलना करायचीच असेल, तर ती ‘फीड्रस’मधील रथापेक्षा या उताऱ्याशी करावी, असे मी सुचवीन.