कृतज्ञतेची वही लिहून खरोखर काही बदलते का?

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला : कृतज्ञतेच्या सरावाने आयुष्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते, असे ठिकठिकाणी वाचून आपण रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी वहीत लिहू लागलात. सुरुवातीला बरे वाटले; पण आता 'आरोग्य, घर, नोकरी, आई-वडील, मुले' हीच यादी रोज उतरवली जाते आणि मनात काहीच हलत नाही. शिवाय कार्यालयात जास्तीचे काम विनामोबदला अंगावर टाकले जात असताना कृतज्ञ राहणे म्हणजे मुकाट्याने सोसणे की काय, अशी शंकाही आपल्याला येते. माझे उत्तर असे की दृष्टी बदलते. मात्र जेवढी सांगितली जाते तेवढी नाही, आणि आपण ज्या रीतीने लिहीत आहात त्या रीतीने तर फारच थोडी.

मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण हा माझा व्यवसाय आहे, आणि पतसंस्था, गृहनिर्माण संस्था व गावोगावच्या विकास सोसायट्या यांच्या कीर्दी-खतावण्या तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. या कामाचा स्वभावच असा आहे की हजार नोंदी बिनचूक असल्या तरी त्यांच्याविषयी अहवालात एक ओळ येत नाही, आणि एक व्हाउचर सहीविना सापडले की त्यावर स्वतंत्र परिच्छेद लिहिला जातो, ज्याला संस्थेने दोषदुरुस्ती अहवालातून उत्तर द्यायचे असते. अशी घडलेली नजर दप्तर बंद केल्यावर मिटत नाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आंबट झाला आहे हे मला इतरांच्या आधी कळे, मुलीच्या गुणपत्रिकेत सर्वांत कमी गुणांचा विषय आधी दिसे, आणि पाहुणे जेवून गेल्यावर पत्नीने 'कसे झाले सगळे?' असे विचारले की काय राहून गेले तेवढेच मी सांगत असे. त्यात दुष्टावा नव्हता, सराव होता. चांगल्यापेक्षा वाईटाची नोंद अधिक ठळकपणे घेण्याकडे माणसाच्या मनाचा मुळातच कल असतो, हे मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ प्रयोगांतून दाखवले आहे. माझ्या बाबतीत त्या कलाचा मेहनतानाही मिळत होता, एवढेच.

या विषयातील सर्वांत अधिक उल्लेखला जाणारा अभ्यास रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककल्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील पहिल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले. आठवड्यातून एकदा, असे दहा आठवडे, एका गटाने कृतज्ञता वाटावी अशा पाच गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने पाच कटकटी लिहिल्या, आणि तिसऱ्याने आपल्यावर परिणाम करून गेलेल्या घटना, त्या चांगल्या की वाईट हे न ठरवता, लिहिल्या. पहिल्या गटाने आपल्या एकूण आयुष्याविषयी अधिक समाधान आणि येत्या आठवड्याविषयी अधिक आशा नोंदवली. मला मात्र त्याच निबंधातील शेवटचा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. त्यात स्नायू आणि मज्जातंतूंचे आजार असलेल्या प्रौढ व्यक्तींनी तीन आठवडे रोज अशा नोंदी केल्या, आणि ज्यांनी त्या केल्या नाहीत अशांच्या तुलनेत त्यांचे चित्त अधिक प्रसन्न राहिले, झोप सुधारली, आणि हा फरक त्यांच्या जोडीदारांच्याही लक्षात आला. आजार होता तोच होता. दिवसातले काय काय मोजले जात होते, ते बदलले होते.

तरीही या निष्कर्षांना जाहिरातीचे स्वरूप देणे योग्य नाही. मोठा फरक दिसला तो प्रामुख्याने कृतज्ञतेची यादी करणारे आणि कटकटींची यादी करणारे यांच्यात. साध्या घटना लिहिणाऱ्यांशी तुलना केली तर तो पुष्कळच कमी होतो. नैराश्य आणि चिंता यांवर अशा सरावाचा काय परिणाम होतो, याविषयीच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातही परिणाम अल्पच आढळला. त्यामुळे उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर वहीवर विसंबून राहू नये; डॉक्टरांना भेटावे, किंवा केंद्र शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

आता आपल्या यादीकडे वळतो. ती निर्जीव का झाली याचे एक कारण अगदी साधे आहे : ती रोज होते. मानसशास्त्रज्ञ सॉनिया ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात सहा आठवड्यांच्या काळात आठवड्यातून एकदा अशी उजळणी करणाऱ्या विद्यार्थ्यांचे समाधान वाढले, तर आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांचे वाढले नाही. मन कशालाही सरावते, आणि कृतज्ञतेच्या नोंदीलाही सरावते. दुसरे कारण मला अधिक खोलवरचे वाटते. 'आरोग्य', 'घर', 'नोकरी' ही केवळ मोठी शीर्षके आहेत. कोणत्या दिवशी, काय घडले आणि ते कोणामुळे घडले, यांतले काहीच त्यांत नाही. एमन्स यांच्या मांडणीप्रमाणे कृतज्ञतेचे दोन भाग असतात : काहीतरी चांगले आपल्या वाट्याला आले हे मान्य करणे, आणि त्याचा उगम, निदान अंशतः तरी, आपल्याबाहेर आहे हे ओळखणे. आपल्या यादीत पहिला भाग कसाबसा आहे आणि दुसरा पूर्णपणे गाळला गेला आहे. माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर जमेची बाजू लिहिली, पण रक्कम कोणाकडून आली ते लिहिलेच नाही. अशी कीर्द मी कोणत्याही संस्थेत मान्य केली नसती.

तालुक्याच्या ठिकाणापासून आत असलेल्या एका विकास सोसायटीचे काम माझ्याकडे बरीच वर्षे होते. तेथील तपासणी नेहमी ठरल्या वेळेत आटपत असे आणि ते माझ्या कामाच्या उरकामुळे होते, अशी माझी समजूत होती. मी आठवड्यातून एकदा नोंदी लिहू लागलो तेव्हा 'सोसायटीचे काम वेळेत झाले' असे लिहिले, आणि सवयीप्रमाणे पुढच्या रकान्यात 'कोणामुळे' याचे उत्तर शोधू लागलो. तेव्हा आठवले की तेथील शिपाई मी जाण्यापूर्वीच जुनी दप्तरे काढून, झाडून, ओलसर झालेली उन्हात वाळवून, सालवार लावून ठेवत असे. कर्जखतांचे गठ्ठे गावातल्या कर्जदारांच्या क्रमाने बांधलेले असत. इतर संस्थांत याच कामात माझा निम्मा दिवस जाई. हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर घडत होते. पण त्यात दोष नव्हता, म्हणून ते दिसले नव्हते.

दृष्टी बदलते असे मी म्हणतो ते एवढ्याच अर्थाने. मी अधिक आनंदी माणूस झालो की नाही, हे घरचे लोक सांगतील, आणि त्यांचे मत फारसे एकमुखी नसेल. परंतु आपल्या नावावर जमा धरलेल्या कितीतरी गोष्टी वस्तुतः दुसऱ्यांच्या खात्यातल्या आहेत हे एकदा कळू लागले, की माणूस एकटाच सगळे ओढतो आहे ही भावना सैल पडते, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे चिडचिडीचा मोठा भाग याच भावनेतून येतो.

त्यामुळे वहीपुरते सांगायचे तर आठवड्यातला एखादा दिवस ठरवावा, दोन-तीनच घटना लिहाव्यात, त्या त्याच आठवड्यातल्या असाव्यात, आणि प्रत्येकीपुढे ती का घडली व कोणामुळे घडली ते लिहावे. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही लोकांना दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी नुसत्या लिहायच्या नव्हत्या, प्रत्येकीचे कारणही लिहायचे होते. तो सराव केवळ एका आठवड्याचा होता आणि त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही टिकलेला आढळला. ज्या गोष्टी कायमच आपल्याजवळ आहेत, त्यांच्यासाठी वेगळा उपाय आहे : ती गोष्ट आपल्या आयुष्यात आलीच नसती तर, अशी कल्पना करून लिहिणे. २००८ मधील एका अभ्यासात, जोडीदाराची आणि आपली भेट कशी झाली हे लिहिणाऱ्यांपेक्षा, ती भेट कशी झाली नसती हे लिहिणाऱ्यांना आपल्या नात्याविषयी अधिक समाधान वाटले. 'आई-वडील' हा शब्द रोज लिहिण्याऐवजी, वडिलांनी एखादा निर्णय वेगळा घेतला असता तर आपण आज कोठे असतो, हे एकदाच सविस्तर लिहून पाहावे.

याहून परिणामकारक, आणि आपल्याकडे याहून अवघड, भाग म्हणजे ते त्या माणसाला सांगणे. आपल्या परंपरेत कृतज्ञतेला स्थान नाही असे कोणी म्हणणार नाही : पोळ्याला बैलांच्या कष्टांचे ऋण मानून त्यांना पुरणपोळी भरवली जाते, खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीवर हळदकुंकू वाहतात. परंतु वहीपूजन करणारा मालक त्या वह्या वर्षभर लिहिणाऱ्या दिवाणजींना त्या दिवशी काही म्हणतो, असे मी क्वचितच पाहिले आहे. घरात तर 'आपल्याच माणसांचे आभार कसले मानायचे' हा संकेत इतका पक्का आहे की आईला किंवा पत्नीला तसे म्हटल्यास आपण थट्टा करतो आहोत असे तिला वाटते. मी त्यावर काढलेला मार्ग असा की आभाराचा शब्द टाळावा आणि वस्तुस्थिती सांगावी : 'तू काल बँकेत जाऊन आलीस, म्हणून माझी आजची रजा वाचली.' अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांच्या २०१८ मधील अभ्यासात असे दिसले की कृतज्ञतेचे पत्र लिहिणाऱ्यांना, पत्र मिळणारा माणूस किती संकोचेल याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटतो आणि त्याला किती बरे वाटेल याचा अंदाज कमी वाटतो. संकोच बहुतांशी बोलणाऱ्याच्या मनात असतो.

त्या शिपायाला मी पुढच्या तपासणीच्या वेळी सांगितले. 'साहेब, कामच आहे ते,' असे तो म्हणाला. पण मग खोलीत नेऊन त्याने खालची फळी दाखवली, जेथे पावसाळ्यात भिंतीतून ओल येते आणि कागद कुजतात. लोखंडी कपाटासाठी तो कित्येक वर्षे तोंडी मागणी करत होता आणि ती कोणी कागदावर घेतली नव्हती. ती शिफारस त्या वर्षीच्या अहवालात आली. मी त्याच्या कामाविषयी बोललो नसतो, तर त्याच्या अडचणीविषयीही मला काही कळले नसते.

म्हणूनच कृतज्ञता म्हणजे मुकाट्याने सोसणे, हा अर्थ मला मान्य नाही, आणि तो लादणाऱ्यांपासून सावध राहावे असे मी म्हणेन. 'नोकरी आहे हेच नशीब समजा' असे वरिष्ठ म्हणतात तेव्हा ते आपल्याला कृतज्ञता शिकवत नसतात, आपली मागणी बंद करत असतात. 'आपल्यापेक्षा वाईट स्थितीतल्या माणसाकडे पाहा' हा उपदेशही मला कधी पटला नाही. दुसऱ्याच्या दुःखावरून आपले समाधान मोजण्यात त्या दुसऱ्याविषयी काहीच आस्था नसते, आणि ज्याने आपल्यासाठी खरोखर काही केले तो माणूस त्या तुलनेत कोठेच येत नाही.

आपल्या कार्यालयात एखादा सहकारी रोज उशिरापर्यंत थांबून आपल्या वाटचे काम हलके करत असेल, तर ते वहीत लिहावे आणि त्याला सांगावे. जास्तीच्या कामाची बाब वेगळी आहे. तिची जागा त्या वहीत नाही. कोणत्या तारखेपासून, कोणते काम, कोणाच्या आदेशाने आणि किती तास, हे एका कागदावर मांडून वरिष्ठांच्या नावे रीतसर लेखी अर्ज द्यावा, त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी, आणि त्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व पोहोच घेतल्याशिवाय टेबलापासून उठू नये.