सीए नसताना निपाणी-बेळगाव भागात आयकर आणि जीएसटीचे काम स्वतंत्रपणे करता येईल का?

तुम्ही विचारले आहे की, बी.कॉम. झाल्यावर काही काळ दुसऱ्याच्या कार्यालयात हिशेब लिहिले, आता निपाणीत स्वतःचे टेबल मांडून लोकांची विवरणपत्रे भरून द्यावीत असे मनात आहे; पण सीए नसलेल्या माणसावर लोक विश्वास ठेवतील का, रोजच्या अडचणी कोणत्या आणि फी कशी ठरवावी. मी हेच काम बेळगावात करतो आणि माझ्याकडे चंदगडपासून अथणीपर्यंतची माणसे येतात. हे काम करता येते, प्रामाणिकपणे करून घरही चालवता येते. मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा : फी कामाची घ्या, रिफंडाची टक्केवारी कधीही घेऊ नका.

आपल्या भागात ‘रिफंड काढून देतो, आला तर दहा टक्के द्या’ असे सांगत फिरणारी माणसे तुम्हाला जागोजागी भेटतील. न भरलेले घरभाडे, न काढलेला आरोग्यविमा, राजकीय पक्षाला न दिलेली देणगी अशा वजावटी दाखवल्या की कापलेला कर खात्यात परत येतो, आणि अशील शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्या माणसाचे नाव सांगतो. टक्केवारी घेणाऱ्याची कमाई रिफंड फुगवण्यावर अवलंबून असते, म्हणजे त्याचे आणि अशिलाचे हित सुरुवातीलाच वेगळे झालेले असते. पुढे नोटीस येते ती मात्र ज्याचे पॅन आहे त्याला. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींच्या विरोधात देशभर तपासणी केली, तेव्हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जाहीर केले होते की, आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले. उत्पन्नाची माहिती जाणूनबुजून चुकीची दिल्याचे ठरले, तर त्यावरील कराच्या २०० टक्के दंड होतो. साखर कारखान्यातला क्लार्क किंवा हायस्कूलचा शिक्षक हा दंड कुठून भरणार, याचा विचार टक्केवारीवाला करत नाही. नव्या करप्रणालीत यातल्या बहुतेक वजावटीच राहिलेल्या नाहीत, त्यामुळे हा धंदा कमी होईल अशी मला आशा आहे.

टक्केवारी सोडली की खरे काम सुरू होते, आणि ते म्हणजे प्रश्न विचारणे. फॉर्म भरणे आता सोपे झाले आहे, अर्धी माहिती संकेतस्थळावर आधीच भरलेली असते. पण ती माहिती त्या माणसाच्या व्यवहाराशी जुळते का, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

चिकोडी, रायबाग, अथणीकडचा ऊसतोडणी-वाहतूक ठेकेदार घ्या. अशा एका ट्रॅक्टरमालकाची डायरी मी दरवर्षी बघतो. एका पानावर मुकादमाचे नाव, त्याखाली कोयते (म्हणजे तोडणी करणारी जोडपी) किती, प्रत्येक कोयत्याला उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती दिली त्याचा आकडा, आणि समोर निळ्या शाईचा अंगठा. पुढच्या पानांवर पंधरवड्याच्या बिलातून वळते केलेले पैसे, मध्येच डिझेल, टायर, दवाखाना. कारखान्याच्या नोंदीत मात्र यातले काहीच नसते. तिथे फक्त त्याच्या नावावर १४ लाख रुपये जमा झालेले दिसतात आणि त्यावर १ टक्का म्हणजे १४,००० रुपये कर कापलेला असतो. तो मला म्हणाला होता, “सायेब, ते चौदा लाख माझे न्हवंत, टोळीचे हाईत.” त्याचे म्हणणे खरे होते, पण आयकर खात्याला ते डायरीशिवाय कसे कळणार? बँकेतून आलेल्या अशा रकमेवर अंदाजित नफ्याच्या तरतुदीखाली, म्हणजे खर्चाचा तपशील न देता ठरावीक टक्के नफा धरून, निदान ६ टक्के, म्हणजे ८४,००० रुपये नफा दाखवून विवरणपत्र भरता येते, आणि बहुतेक जण डोळे मिटून तेच करतात. परंतु प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तोच दाखवला पाहिजे. तोडणी आणि वाहतूक एकाच करारात असतील तर मालवाहू वाहनांसाठीचा वेगळा नियम लागतो का, हे करार वाचून ठरवावे लागते. आणि उचल घेऊन टोळी पळून गेली असेल, तर ते नुकसान अंदाजित नफ्यात वजा होत नाही, त्यासाठी रीतसर हिशेब ठेवावे लागतात. म्हणून मी अशा अशिलांना हंगामाच्या सुरुवातीलाच सांगतो की डायरी फाडू नका, आणि उचल शक्य तितकी बँकेतून द्या.

दुसरी मोठी गोष्ट सीमेची. आपल्याकडे माणूस सकाळी एका राज्यात आणि दुपारी दुसऱ्या राज्यात व्यवहार करतो, पण जीएसटीला ती रेषा पक्की दिसते. आपला कर्नाटकातला जीएसटी नोंदणी क्रमांक २९ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजचे दुकानदार बेळगावच्या रविवार पेठेत माल भरायला येतात. बेळगावचा व्यापारी गिऱ्हाईक दुकानात उभे आहे म्हणून सवयीने केंद्राचा आणि कर्नाटकाचा अर्धा-अर्धा कर लावतो. तो माल नोंदणीकृत दुकानदार चंदगडला नेणार असेल तर तिथे आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर लागतो, आणि कर्नाटकाचा कर लावलेल्या बिलावर चंदगडच्या दुकानदाराला क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. मग तो सहा महिन्यांनी येऊन भांडतो, आणि तोवर व्यापाऱ्याचे विवरणपत्र भरून झालेले असते. चुकीच्या खात्यात भरलेला कर परत मागता येतो आणि योग्य कर व्याजाशिवाय भरता येतो, पण त्या खटाटोपात दोघांचेही पैसे अडकून पडतात. तुम्ही निपाणीत बसणार, म्हणजे हा प्रश्न तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त येईल, कारण कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्रातले कागल. तिथे आणखी एक लक्षात ठेवा. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला परराज्यात माल विकता येत नाही. आणि परराज्यात करपात्र माल विकणाऱ्याला, काही मोजके अपवाद सोडल्यास, वार्षिक उलाढालीची ४० लाखांची मर्यादा न बघता पहिल्या बिलापासून नोंदणी घ्यावी लागते. कोल्हापूरला एखादाच टेम्पो पाठवणाऱ्या लहान व्यापाऱ्याला हे कोणीतरी आधी सांगायला हवे, आणि ते सांगणे आपले काम आहे असे मी मानतो.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे निवृत्त जवानांचे काम भरपूर असते. पेन्शन सुरू असतानाच हे लोक बँकेत किंवा कारखान्यात सुरक्षारक्षक म्हणून लागतात. समजा, आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये पेन्शन ४,२०,००० आणि पगार ४,००,००० होता. दोन्हीकडे स्वतंत्रपणे कर बसत नाही म्हणून कोणीच कर कापला नाही. एकत्र केल्यावर ८,२०,००० मधून ७५,००० ची प्रमाणित वजावट एकदाच मिळते, उरलेल्या ७,४५,००० वर नव्या प्रणालीने उपकरासह २५,४८० रुपये कर निघतो. हे ऐकल्यावर समोरचा माणूस दुखावतो, कारण त्याने काहीच लपवलेले नसते. पुढच्या वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत मिळू लागल्याने अशा लोकांना मोठा दिलासा मिळाला आहे, पण दोन्ही उत्पन्ने एकाच विवरणपत्रात दाखवायची असतात, हे तरीही सांगत राहावे लागते.

शहराजवळची शेती विकलेल्यांचेही असेच होते. शेतजमीन विकली म्हणजे कर नाही, ही समजूत गावोगाव आहे. ज्या शहराची लोकसंख्या एक ते दहा लाखांच्या दरम्यान आहे, त्याच्या हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या आतली जमीन करासाठी ग्रामीण शेतजमीन धरली जात नाही, आणि बेळगाव त्या गटात मोडते. पैसे भावाभावांत वाटून घर बांधून झाल्यावर हे कळण्यापेक्षा सौद्याच्या आधी कळलेले बरे.

वेळ सगळ्यांत जास्त कशात जातो म्हणाल, तर नावांत. आधारवर परशराम, पॅनवर परशुराम, शाळेच्या दाखल्यावर आडनाव नाही आणि बँकेत वडिलांचे नाव आधी, अशी कागदपत्रे आपल्या भागात घरटी सापडतात, कारण कोणाची शाळा मराठी, कार्यालय कन्नड आणि फॉर्म इंग्रजी. त्यामुळे पॅन-आधार जोडणी अडते. १ जुलै २०२३ पासून न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली, जोडण्यासाठी १,००० रुपये शुल्क भरावे लागते, आणि तोवर मुदतठेवीच्या व्याजातून १० टक्क्यांऐवजी २० टक्के कर कापला जाऊ शकतो. पॅन अशा रीतीने निष्क्रिय झाले आहे, हे वयस्कर माणसाला बहुधा व्याज कमी आल्यावरच कळते. या कामाला फारशी फी मिळत नाही, तरी ते टाळू नका.

नोटिशीचे काम स्वभावाची परीक्षा बघते. अशील रात्री मोबाइलवर अर्ध्या पानाचा फोटो पाठवतो आणि ‘काय भानगड आहे?’ एवढेच विचारतो. आयकराचे पत्र इंग्रजीत, राज्याच्या वाणिज्य कर खात्याचे पुष्कळदा कन्नडमध्ये, आणि वाचणाऱ्याला मराठी येते. माझा नियम असा आहे की उत्तर देण्याआधी पूर्ण पत्र त्याला समोर बसवून मराठीत सांगायचे, कारण खरे काय घडले हे त्यालाच माहीत असते. सदोष विवरणपत्राच्या नोटिशीला १५ दिवसांची मुदत असते, त्यामुळे पत्र वेळेवर पोहोचणे महत्त्वाचे. इथे मला या व्यवसायातल्या एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायचे आहे : अनेक जण संकेतस्थळावर अशिलाच्या जागी स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकतात, म्हणजे ओटीपीसाठी फोन करावा लागत नाही आणि अशील दुसरीकडे जातही नाही. मी याला अशिलाला बांधून ठेवणे म्हणतो. नोंदणी त्याच्याच क्रमांकावर करा, पासवर्ड त्याला लिहून द्या, तो सोडून गेला तरी चालेल.

जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या जमा रकमांवरून कर्नाटकातल्या छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा भाजी आणि दूध विकणारेही घाबरले. त्यांच्या मालावर करच नव्हता. त्या दिवसांत लोकांना यूपीआय बंद करा असे सांगणाऱ्यांचा मला राग आला. दुकानाचे खाते वेगळे ठेवा, भिशीचे आणि पाहुण्यांचे पैसे त्यात घेऊ नका, करमुक्त मालाचीही खरेदीबिले जपून ठेवा, एवढेच सांगणे योग्य होते.

आता पात्रतेविषयी. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला आयकर खात्यापुढे अशिलाच्या वतीने बाजू मांडता येते आणि जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणूनही नोंदणी करता येते. लेखापरीक्षण अहवालावर सही मात्र सीएचीच लागते, आणि ती मर्यादा अशिलाला आधीच सांगावी. एका चांगल्या सीएशी संबंध जोडून ठेवा आणि ऑडिटची कामे सरळ त्यांच्याकडे पाठवा. १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख आहे, त्या आयकर कायदा, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा पाठांतरापेक्षा तरतुदी समजून घ्या.

फीबद्दल विचारलेत म्हणून सांगतो. साध्या पगारी विवरणपत्राचे मी ८०० रुपये घेतो, व्यापाराचे काम बघून आधी आकडा सांगतो आणि तो कागदावर लिहून देतो. उधारी राहतेच, जीएसटीचे महिन्याचे काम करणाऱ्यांकडे ती साचते, म्हणून तिथे तीन महिन्यांचे आगाऊ घ्यावे. नातेवाइकांनाही फी सांगा, कमी सांगायची असेल तर कमी सांगा, पण सांगा.

सुरुवात एप्रिलमध्ये करा, जुलैमध्ये नको. २०२५ मध्ये विवरणपत्रांची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली आणि शेवटच्या रात्री आणखी एक दिवस वाढली. अशा गर्दीत नवा माणूस प्रश्न विचारायला वेळ काढू शकत नाही आणि मग आकडे जसेच्या तसे भरून मोकळा होतो. एप्रिल-मेमध्ये गळीत हंगाम संपून ठेकेदार मोकळे असतात, त्यांच्या डायऱ्या तेव्हा बघून घ्या. पेन्शनरांची पॅन-आधार जोडणी त्याच काळात उरका. पगारदारांचे ‘फॉर्म १६’, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचे मालकाने दिलेले प्रमाणपत्र, जूनच्या मध्यापर्यंत हातात येते, ते आले की त्यांना एकेक करून बोलवा.