पोलंडमधल्या क्राकोमध्ये तीन रात्री एकट्याने राहायचंय, पार्टी हॉस्टेल घ्यावं का?

घ्या, पण तिन्ही रात्री नको. एक रात्र पुरे. पार्टी हॉस्टेलचा फायदा एवढाच की एकट्या माणसाला तासाभरात कंपनी मिळते: संध्याकाळी पत्त्यांचे खेळ, मग सगळी वरात पब क्रॉलला, म्हणजे एकामागून एक बार पालथे घालायला. झोप मात्र विसरा. उरलेल्या दोन रात्री शहरातल्याच काझिमिएश भागात साधं हॉस्टेल बघा.

क्राको हे अस्सल विद्यार्थ्यांचं गाव, विद्यापीठ 1364 सालचं. मुख्य चौकाभोवतीचे बरेच बार जुन्या घरांच्या तळघरांत आहेत. अरुंद जिना उतरलात की विटांच्या कमानींखाली गर्दी, आणि मोबाईलची रेंज गुल. मला स्वतःला काझिमिएशचा प्लाट्स नोव्ही हा चौक जास्त आवडतो. मधल्या गोल इमारतीच्या खिडक्यांवर रात्री उशिरापर्यंत झापिएकांका मिळतो: हातभर लांब पाव, वर मशरूम, चीज आणि केचपची रेघ. शाकाहारी असाल तर देवच पावला!

शक्य असेल तर मे महिन्यात जा. तेव्हा युवेनालिया हा विद्यार्थ्यांचा उत्सव असतो, महापौर शहराच्या किल्ल्या समारंभाने विद्यार्थ्यांच्या हाती देतात. ऑगस्टमध्ये विद्यार्थी सुट्टीवर आणि गावात सगळे पर्यटकच. कॉलेजं ऑक्टोबरात उघडतात.

बाकी, रस्त्यावर बिअर उघडू नका, दंड होतो. 2023 पासून मध्यरात्री ते पहाटे साडेपाच दुकानांत दारू विकत नाहीत, बारमध्ये मिळते. आणि छत्री घेऊन ‘फ्री एन्ट्री’ म्हणत मागे लागणाऱ्यांबरोबर स्ट्रिप क्लबात अजिबात जाऊ नका, तिथे कार्ड धुऊन निघतं.