‘४,००० संदर्भ आहेत’ म्हणजे कोणाचे कोणाला?

प्रश्न असा: बायोमेडिकल इमेजिंगमधल्या एका संशोधकाच्या मराठी परिचयात ‘डॉ. अमुक यांची १२० प्रकाशने असून त्यांना ४,००० संदर्भ आहेत. त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर ३२ असून संशोधनाचा आघात मोठा आहे’ हे वाक्य चालेल का? आणि ‘सायटेशन’ला उद्धरण म्हणावे, संदर्भ म्हणावे की उल्लेख?

खरी अडचण सायटेशनचीच आहे, म्हणून आधी ते. निबंधाच्या शेवटी आपण ज्यांची यादी देतो ते संदर्भ. आपला निबंध दुसऱ्याच्या अशा यादीत गेला, की आपल्याला एक सायटेशन मिळाले. व्यवहार एकच, पण एका बाजूला देणे आणि दुसऱ्या बाजूला मिळणे. विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस यांनी इंग्रजीतही ‘रेफरन्स’ आणि ‘सायटेशन’ यांत हाच भेद करावा असे सुचवले होते. मराठीत दोन्हीकडे ‘संदर्भ’ वापरला की दिशा हरवते. ‘निबंधाला ६० संदर्भ आहेत’ हे वाचून कोणीही शेवटची यादीच मोजेल.

‘उद्धरण’ शब्दकोशात शोभते, पण ते म्हणजे दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा उचलून घेणे, म्हणजे अवतरण. सायटेशनमध्ये बहुतेक वेळा एक शब्दही उचललेला नसतो. कंसात आकडा टाकून काम भागते. शिवाय हा शब्द ‘उद्धार’चा सख्खा भाऊ, आणि बोलीत सात पिढ्यांचा उद्धार कसा होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘उल्लेख’ही फसवा. एखाद्या निबंधाने तुमचे काम प्रस्तावनेत, पद्धतीत आणि चर्चेत मिळून पाच ठिकाणी उल्लेखले, तरी मोजणीत सायटेशन एकच. उलट त्याने तुमचे तीन वेगळे निबंध यादीत घेतले, तर तुमच्या खात्यात तीन जमा.

यावर सोपा उपाय म्हणजे नाम सोडून क्रियापद धरणे. ‘त्यांच्या शोधनिबंधांचा इतरांनी ४,००० वेळा संदर्भ घेतला आहे’ यात कोणी कोणाचा, हा प्रश्नच उरत नाही. तक्त्याच्या मथळ्यात नाम लागतेच, तिथे सरळ ‘सायटेशन’ लिहावे.

‘प्रकाशने’ मात्र नकोच. १२० प्रकाशनसंस्था चालवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘शोधनिबंध’ म्हणा. ‘प्रबंध’ही नको, तो पीएचडीचा. या क्षेत्रात आणखी एक मेख आहे. वैद्यकीय प्रतिमांच्या संगणकीय विश्लेषणावरच्या मिकाई परिषदेतले पूर्ण निबंध समीक्षा होऊन छापले जातात आणि त्यांचे वजन मोठे असते. वैद्यकीय प्रतिमांचे भाग पाडणारे यू-नेट हे न्यूरल नेटवर्क २०१५ साली तिथेच मांडले गेले. एमआरआयवाल्यांच्या आयएसएमआरएम परिषदेत मात्र सादर होतो तो गोषवारा. निबंध आणि गोषवारे एकत्र मोजून ‘१२०’ लिहिले, तर जाणकार लगेच ओळखतो.

इम्पॅक्ट फॅक्टर माणसाचा नसतोच, नियतकालिकाचा असतो. त्याचा २०२४चा आकडा असा काढतात: २०२२ आणि २०२३ मध्ये त्यात छापलेल्या मजकुराचा २०२४ मध्ये जितक्या वेळा संदर्भ घेतला गेला, त्या संख्येला त्याच दोन वर्षांतल्या शोधनिबंधांच्या व समीक्षालेखांच्या संख्येने भागायचे. ‘मेडिकल इमेज ॲनालिसिस’सारख्या इमेजिंगच्या नावाजलेल्या नियतकालिकाचाही तो दहाच्या आसपास असतो. तेव्हा वाक्यातला ३२ हा बहुधा एच-इंडेक्स असावा, त्याबद्दल पुढे सांगतो. ‘प्रभाव घटक’ या भाषांतरात घटक कुठून आला कळत नाही. ते गुणोत्तर आहे, ‘प्रभावांक’ बरा.

एच-इंडेक्स २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी मांडला. प्रत्येकी किमान ‘एच’ सायटेशन मिळालेले निबंध निदान ‘एच’ असतील, अशी सर्वांत मोठी संख्या म्हणजे हा इंडेक्स. ‘एच-निर्देशांक’ चालेल. सात निबंधांचे आकडे ९०, ४०, १२, ६, ५, ३, ० असे उतरत्या क्रमाने लावले, तर किमान ५ सायटेशन असलेले निबंध ५ आहेत. पण किमान ६ असलेले सहा नाहीत. म्हणून निर्देशांक ५. पहिल्याचे ९० चे ९,००० झाले तरी तो ५च राहतो. त्यापुढे ‘टक्के’ किंवा ‘गुण’ लावू नये.

‘आघात’ तर खोडूनच टाका. मेंदूच्या स्कॅनवर काम करणाऱ्याच्या परिचयात ‘आघात मोठा’ वाचून पक्षाघातच आठवेल. ‘प्रभाव’ म्हणा, आणि शक्य असेल तर तो कशात दिसतो तेही सांगा: पद्धत इतरांनी वापरली, की स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये आली.

आकड्यासोबत स्रोत आणि तारीख हवीच. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (समीक्षेआधीच ऑनलाइन टाकलेले निबंध) धरतो, म्हणून त्याचा आकडा स्कोपस या निबंधसूचीपेक्षा सहसा मोठा येतो.

तर वाक्य असे करता येईल, यातली फोड तेवढी खऱ्या यादीवरून भरा: ‘डॉ. अमुक यांचे १२० शोधनिबंध प्रसिद्ध झाले असून त्यांपैकी ४५ परिषदांमधले आहेत. इतर संशोधकांनी त्यांचा ४,००० वेळा संदर्भ घेतला आहे. एच-निर्देशांक ३२ (गूगल स्कॉलर, मार्च २०२५).’ फक्त ‘इतर’ लिहिण्याआधी एक तपासा: स्वतःच्याच जुन्या निबंधांचे घेतलेले संदर्भ त्या ४,००० मध्ये असतील, तर तो शब्द काढावा लागेल.