इटलीत रेल्वेने फिरताना मुक्काम कुठे करावा

5 रात्री असतील तर मुक्काम दोनच ठेवा: फ्लॉरेन्स 3, व्हेनिस 2. दर मुक्काम बदलताना अर्धा दिवस सामानातच जातो. फ्लॉरेन्सला सांता मारिया नोव्हेला स्टेशनपासून चालत 10 मिनिटांतलं हॉटेल घ्या. तिथून पिसा तासाभरावर, बोलोन्या वेगवान गाडीने 40 मिनिटांवर.

व्हेनिसला मेस्त्रे, म्हणजे मुख्य भूमीवरचा भाग, स्वस्त पडतं, बेटापासून गाडीने 10-12 मिनिटंच. तरी माझं मत बेटावरच राहा. पहाटेचे रिकामे कालवे बघायला मिळतात. तिकीट मात्र बेटावरच्या सांता लुचिया स्टेशनपर्यंतचं हवं. बुकिंगआधी नकाशावर स्टेशन ते हॉटेल वाटेतले पूल मोजा. बहुतेक पुलांना पायऱ्या असतात, चाकांची बॅग उचलूनच न्यावी लागते. लिफ्ट आहे का तेही विचारा. शहराचा कर बहुधा हॉटेलात वेगळा, माणशी दर रात्रीचा भरावा लागतो.