१९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये संगणक नसताना माणूस उडवला कसा? आणि क्लब हाउसमध्ये ते जमेल का?

तुमचा प्रश्न असा: नेरुळच्या सोसायटीतली मुलं गणपतीत दाखवायला तीन मिनिटांची सुपरमॅनची फिल्म करताहेत. हिरव्या पडद्याच्या ॲपने केलं तर पोरगं कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतंय. मग १९७८ साली ते इतकं खरं कसं वाटलं, आणि त्यातलं काही आपल्याला करता येईल का?

उत्तर तुमच्या गाडीच्या नंबरप्लेटवरच आहे. रात्री पाम बीच रोडने जाताना दिशादर्शक पाट्या हेडलाइटच्या उजेडात लख्ख पेटतात, पण बाजूने चालत जाणाऱ्याला त्याच पाट्या जेमतेम दिसतात. आपण सरसकट ‘रेडियम’ म्हणतो त्या कागदात काचेचे अतिबारीक मणी असतात आणि ते उजेड आला त्याच वाटेने परत धाडतात. ‘सुपरमॅन’च्या उड्डाणामागचा पडदा ह्याच जातीचा होता, थ्री-एम कंपनीच्या स्कॉचलाइटचा.

दिग्दर्शक रिचर्ड डॉनरच्या माणसांनी त्याआधी बरंच काही करून पाहिलं. पुतळा तोफेतून उडवला, सुपरमॅनच्या आकाराचं रिमोटचं विमान उडवलं, ॲनिमेशन केलं. सगळं हास्यास्पद दिसलं. शेवटी वेगवेगळ्या शॉटला वेगवेगळी युक्ती वापरायचं ठरलं: कुठे तारा, कुठे निळा पडदा (मागाहून निळा रंग काढून तिथे दुसरं चित्र बसवायचं), आणि जवळून दिसणाऱ्या उड्डाणांना फ्रंट प्रोजेक्शन, म्हणजे नटामागच्या पडद्यावर समोरून चित्र टाकणं. माझ्या मते चित्रपट तगला तो ह्या तिसऱ्यामुळे.

त्याची रचना अशी. नटाच्या मागे स्कॉचलाइटचा पडदा. कॅमेऱ्याच्या पुढ्यात ४५ अंशात अर्धपारदर्शक आरसा. प्रोजेक्टर कॅमेऱ्याला काटकोनात, बाजूला. प्रोजेक्टरमधलं आकाश आरशावर वळून पडद्याकडे जातं, पडदा ते थेट परत पाठवतो आणि आरशातून आरपार येऊन ते कॅमेऱ्यात शिरतं. नटाच्या अंगावरही आकाश पडतंच, पण कातडी आणि कापड उजेड चहूकडे उधळतात, त्यामुळे त्याच्यावरच्या दिव्यांपुढे ते चित्र दिसत नाही. नटाची सावली पडद्यावर पडते, पण प्रोजेक्टर आणि कॅमेरा एकाच रेषेत असल्याने ती बरोबर नटाच्याच पाठीमागे लपते. कापणं नाही, चिकटवणं नाही. केस, केपची (पाठीवरच्या झुलीची) कड, सगळं एकाच फिल्मवर एकाच वेळी उमटतं.

हे तंत्र १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’तही होतं. त्या चित्रपटावर काम केलेल्या झोरान पेरिसिचने पुढे त्यात एक भर घातली, तिचं नाव झॉप्टिक. कॅमेरा आणि प्रोजेक्टर दोघांनाही झूम लेन्स लावायची आणि दोन्ही एकमेकांना जखडायच्या. कॅमेऱ्याने झूम केला की नटही मोठा दिसतो, मागचं चित्रही. पण त्याच क्षणी प्रोजेक्टर तेवढ्याच प्रमाणात चित्र लहान टाकतो, म्हणून आकाश कॅमेऱ्याला आहे तेवढंच दिसतं. परिणामी सुपरमॅन झालेला क्रिस्टोफर रीव्ह जागचा हलत नाही, पण प्रेक्षकाच्या अंगावर झेपावतो. तो आडवा असायचा त्याच्या अंगाच्या मापाने ओतलेल्या फायबरग्लासच्या साच्यात, आणि साच्याचा दांडा पाठीमागे पडद्यातून आत गेलेला असायचा. वळताना खांदा आधी झुकवायचा, हे मात्र त्याचं स्वतःचं. तो परवानाधारक विमानचालक होता.

नायिका लोइसच्या गच्चीवरचा प्रसंग पुन्हा पाहा. सुपरमॅन उडून जातो, लोइस भारावल्यासारखी आत येते, दार वाजतं आणि दारात क्लार्क, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅनच, उभा, सगळं एका सलग शॉटमध्ये. उडून जाणारा सुपरमॅन आधी चित्रित करून गच्चीपलीकडच्या पडद्यावर टाकलेला होता. खरा रीव्ह तोवर चष्मा लावून दाराबाहेर थांबला होता.

सुपरमॅनच्या जन्मग्रहावरच्या, म्हणजे क्रिप्टॉनवरच्या लोकांचे चमकणारे पांढरे कपडे हीसुद्धा त्याच स्कॉचलाइटची करामत. कॅमेऱ्याच्या रेषेत दिवा लावला की अंगरखा आतून पेटल्यासारखा दिसतो. निळ्या पडद्याची वेगळीच रड होती. पडदा निळा आणि पोशाखही निळा, म्हणजे पडद्याबरोबर अंगही गायब. त्या शॉट्ससाठी हिरवट झाक असलेला पोशाख शिवला आणि रंग नंतर दुरुस्त केला. तुमच्या मुलाचं टी-शर्ट पोपटी असेल तर ॲपमध्ये नेमकं हेच होतंय.

आता क्लब हाउस. रेडियमवाल्याकडे नुसतं ‘रेडियम’ मागू नका, तो साधं रंगीत स्टिकरही त्याच नावाने देतो. ‘पांढरं रिफ्लेक्टिव्ह’ म्हणा आणि दुकानातच तपासा: मोबाइलचा टॉर्च डोळ्याशेजारी कानशिलाला धरा, सहा-सात फुटांवरून पाहा. टॉर्च हातभर बाजूला नेला की चमक विझली पाहिजे. मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असलेला प्रकार घेऊ नका, ती आकाशावर जाळीसारखी उमटते. रोल बहुधा चार फूट रुंद असतो आणि तो चिकटवायला प्लाय ८ बाय ४ ची मिळते. सव्वासात फुटांचा एकच सलग तुकडा आडवा चिकटवलात तर १६:९ ची चौकट बसते आणि जोड येत नाही. जोड द्यावाच लागला तर सरळ रेघेत देऊ नका. ‘२००१’वाल्यांनी तुकडे वेडेवाकडे फाडून एकावर एक चिकटवले होते, कारण सरळ जोड आकाशात दोरीसारखा दिसतो. कागदावर घडी पडू देऊ नका आणि बोटं लावू नका. तेलकट ठसा कॅमेऱ्यात काळा डाग होतो, म्हणून सुती हातमोजे.

अर्धपारदर्शक आरसा मिळाला तर उत्तम, नाहीतर ३ मिमीची साधी काच, दीड बाय दीड फूट, कडा घासून घेतलेली. अर्धपारदर्शक आरशातून प्रोजेक्टरचा साधारण २५ टक्के उजेड शेवटी कॅमेऱ्यापर्यंत पोचतो, साध्या काचेतून ९ टक्क्यांच्या आसपास. पण रेडियम इतकं जोरात परतवतं की तेवढ्याने भागतं. काचेच्या पलीकडे, प्रोजेक्टरच्या बरोबर समोर, काळं मखमली कापड टांगा. हे लोक हमखास विसरतात, आणि मग समोरची भिंत काचेत उमटून अख्खं चित्र धुरकट होतं. आरशात चित्राची उजवी-डावी बाजू उलटते, म्हणून प्रोजेक्टरच्या मेन्यूतून रिअर प्रोजेक्शन निवडा.

पडद्यापासून दहा फुटांवर फोन, २एक्स लेन्सवर. बहुतेक फोनांवर सात फुटांची चौकट नेमकी भरते. फोनच्या भिंगापासून काच जितकी दूर, तितकीच प्रोजेक्टरच्या भिंगापासूनही हवी. मग मुलाच्या कडेला काळी रेघ दिसते का पाहा. उजव्या कडेला दिसली तर काचेतला प्रोजेक्टर फोनच्या डावीकडे पडतोय, उजवीकडे आणा. चहूबाजूंनी दिसली तर तो पडद्याच्या जास्त जवळ आहे. शंका असेल तर प्रोजेक्टर बोटभर मागेच ठेवा, मागे असला की सावली मुलाआड लपते.

दिवे दोन्ही बाजूंनी मुलावर. फोनच्या जवळ एकही दिवा नको, तो पडद्यावरून थेट परत येऊन आकाश धुऊन टाकेल. मुलाच्या स्पोर्ट्स शूजच्या टाचेला चमकती पट्टी असेल तर तिच्यातही ढग दिसतील. काळी टेप लावा. फोनवर २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, एक्सपोजर लॉक करा. ३० फ्रेम आणि १/६० शटर ठेवलं तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे फडफडतात. डीएलपी प्रोजेक्टरमुळे रंगीत पट्टे सरकताना दिसले तर एलसीडी प्रोजेक्टर मागून आणा.

मुलाला दोरीने कुठेही टांगू नका, छताच्या हुकाला तर नाहीच. अरुंद बाकड्यावर पोटावर झोपवा आणि बाकड्याच्या पुढच्या बाजूला तेच रेडियम चिकटवा. बाकडं आकाशात विरघळतं. फक्त ते पडद्याच्या एका फुटाच्या आत हवं. दहा फुटांच्या मांडणीत फूटभर पुढे असलेला भाग जवळपास पाव पटीने जास्त उजळ दिसतो, त्याहून पुढे आणलं तर चोरी पकडली जाते. केपसाठी टेबल फॅन. चित्रपटात वाऱ्याच्या झोतावर केप हवी तशी फडफडेना, म्हणून तिच्याखाली बारीक काड्या हलवणारं छोटं यंत्र बसवलं होतं. तितकं करायची गरज नाही.

झॉप्टिक तुम्हाला एडिटिंगमध्ये मिळेल. चित्रीकरण ४के वर करा, फिल्म १०८० वर बनवा. म्हणजे दुप्पट झूमपर्यंत चित्र फाटत नाही. समजा चार सेकंदांत झूम १ पासून २ पर्यंत न्यायचा आहे. मग प्रोजेक्टरवर टाकायचं आकाश आधीच लहान होत जाणारं बनवून ठेवायचं: सुरुवातीला १०० टक्के, पहिल्या सेकंदाला ८०, दुसऱ्याला ६७, तिसऱ्याला ५७, चौथ्याला ५०. ॲपमध्ये नुसतं १०० ते ५० सरळ उतरवलं तर मधोमध ते ७५ वर असतं, आणि आकाश साडेबारा टक्क्यांनी फुगून पुन्हा बसतं. छाती वर-खाली व्हावी तसं. पेरिसिचला दोन लेन्स एकमेकांना जखडाव्या लागल्या त्या ह्याच हिशेबासाठी. आकाशाच्या क्लिपमध्ये सुरुवातीला एक ‘बीप’ टाका, तो फोनवर ऐकू येईल, तिथून झूम सुरू करा.

आकाशासाठी ड्रोन नको, विमानतळाच्या टप्प्यात परवानगीची भानगड आहे. पारसिक हिलवरून संध्याकाळी फोन सावकाश फिरवून घेतलेलं शहर पुरेसं आहे. सूर्य ज्या बाजूला असेल त्या बाजूचा दिवा मुलावर थोडा जास्त ठेवा.

आणि गच्चीवर मांडू नका. भाद्रपदातल्या दमट हवेत काचेवर वाफ धरते, आणि रेडियमवर दव बसलं की मणी आंधळे होतात; पुसून, पंख्याखाली पूर्ण वाळवल्याशिवाय पुढचा शॉट घेता येणार नाही.