लग्नपत्रिकेच्या इंग्रजी बाजूसाठी ‘स्नेल राउंडहँड’ हा जोडलेल्या, तिरक्या हस्ताक्षरासारखा फॉन्ट वापरावा का, आणि मराठी बाजूला कोणता जोडावा?

जरूर वापरावा, मात्र त्यात एकही शब्द सबंध कॅपिटल अक्षरांत जुळवू नये. हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण माझ्या धाकट्या बहिणीच्या पत्रिकेत नेमके तेच झाले आणि त्यावरून माझा व दादांचा वाद अजून मिटलेला नाही.

मी तेव्हा डीटीपीची कामे करीत असल्यामुळे जुळणी माझ्याकडे होती. नावांचे पहिले अक्षर कॅपिटल आणि बाकीची लहान, अशी रीतसर फाइल मी दिली होती. प्रूफ पाहून दादा म्हणाले, “मुलीचं नाव असं बारकं कशाला?” आणि त्यांनी परस्पर छापखान्यात फोन करून सगळी नावे कॅपिटल करून घेतली, ओळ भरावी म्हणून अक्षरांतले अंतरही वाढवून घेतले.

मॅथ्यू कार्टर यांनी 1960च्या दशकात लिनोटाइप या छपाईची यंत्रे व फॉन्ट करणाऱ्या कंपनीसाठी हा फॉन्ट केला तो चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्रज लेखनशिक्षकाच्या वळणावरून, आणि त्याचे सारे वैभव एका लहान अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराला अचूक भिडण्यात आहे. शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे अक्षरांच्या सुट्या ठशांत, तिरक्या अक्षराचा बाहेर आलेला भाग तुटण्याची भीती असे. फोटोटाइपसेटिंगमध्ये, म्हणजे प्रकाशाने फिल्मवर जुळणी करताना, अक्षरे एकमेकांवर चढवता येऊ लागल्यामुळे ही जोडणी साधली. तीत अंतर वाढवणे म्हणजे देवनागरीत प्रत्येक अक्षरापाशी शिरोरेषा तोडणे होय. कॅपिटल अक्षरे तर शब्दाच्या तोंडाशी एकेकटी मिरवण्यासाठी आहेत. शेजारी शेजारी उभी केली की नुसते वेलबुट्टीचे जंजाळ उरते. त्या जंजाळात टीचा एफ वाचून वराकडच्या एका वडीलधाऱ्यांनी आमच्या बहिणीचे नाव भर बैठकीत चुकीचे उच्चारले. ते चश्मा घरी विसरले असावेत, असे दादांचे आजही म्हणणे आहे. चश्मा त्यांच्या नाकावर होता. मी समोरच बसलो होतो.

नावे निदान 28 पॉइंटांची ठेवा, आणि स्थळ व वेळ साध्या, उभ्या अक्षरांत द्या. कार्यालयाचा पत्ता पाहुण्यांनी कोड्यासारखा सोडवावा, हा आगाऊपणा आहे. मराठी बाजूला बोरूच्या वळणाचा कोणताही शांत फॉन्ट चालेल. राउंडहँडची जाडी टोकदार निबावरच्या दाबातून येते, बोरूची त्याच्या कापातून. म्हणून राउंडहँडची नक्कल करणारी तिरकी, लचकणारी देवनागरी मला पाहवत नाही.

एक सांगायचे राहिले. खरबरीत कागदावर सोनेरी शाईने स्क्रीन प्रिंटिंग करणार असाल, तर केसासारख्या बारीक रेषा उडण्याची शक्यता असते. तेव्हा याच फॉन्टचे बोल्ड वजन घ्या. गुळगुळीत कागदावरच्या ऑफसेटला ही अडचण सहसा येत नाही. आणि शेवटच्या प्रूफावर सही केल्यानंतर फाइल पुन्हा उघडायची नाही, हे छापखान्याला बजावून ठेवा, मग फोन घरातल्या थोरल्या भावाचा का असेना.